तीन नंबर, चार नंबर

४ फेब्रुवारी

मामा,

जुन्या कापडाचा पांढरा नेमका किती पांढरा असतो? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही, आणि एप्रिलअखेर ते मला लेखी द्यायचं आहे.

सगळं नीट सांगते. संग्रहालयाच्या कापड विभागातली चारशे कापडं एका ग्रंथात छापायची आहेत. त्यांचे फोटो मी काढले आहेत. उजेडाने जुने रंग विटतात, म्हणून तिथे दिवे मंद ठेवतात. मंद दिव्यात कॅमेऱ्याची ताकद ताणावी लागते आणि मग फोटोत नॉइज येतो. नॉइज म्हणजे तुमच्या भाषेत दाणे. काही काळे-पांढरे, काही हिरवे-जांभळे, अंगावर पुरळ उठावं तसे. कॅमेरा देतो ती रॉ फाईल, म्हणजे कच्ची नोंद. तुम्ही रीळ धुवायचात तशी ती सॉफ्टवेअरमध्ये धुवावी लागते. रंग किती उबदार म्हणजे पिवळट, किती थंड म्हणजे निळसर, दाणे किती पुसायचे, सगळं हाताने ठरवायचं. त्या आकड्यांचा एकच कागद करायचा आणि चारशे कापडं त्याच हिशेबाने धुवायची.

तो कागद आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंना पटला तर काम माझ्याकडे राहील आणि नोकरी कायम होईल. नाही पटला तर बाहेरचा फोटोग्राफर येईल आणि मी पिशवी भरून घरी. आई अजून भाजीवाल्यालासुद्धा माझी पदवी सांगते. तिला काय तोंड दाखवू?

सोबत एका लोकरीच्या शालीच्या दोन प्रिंट्स आहेत. एक नंबर, खरा रंग मोजायला कापडाशेजारी ठेवतात त्या राखाडी कार्डावरून मोजलेल्या रंगाची आहे, दोन नंबर जरा थंड. फोनवर रंग दिसत नाही असं तुम्हीच म्हणता, म्हणून कागदावर पाठवतेय. खिडकीपाशी धरून बघा आणि सांगा. कार्डापेक्षा माझा तुमच्या डोळ्यांवर भरवसा आहे.

तुमची भाची


१३ फेब्रुवारी

आमच्या पदवीधरीणबाईंस,

पाकीट मिळालं. दोन्ही प्रिंट्स खिडकीपाशी धरल्या. एक नंबर ठार पिवळी. दोन नंबर बरी, पण तीही चहात बुडवून वाळत घातल्यासारखी. रंग अजून उतरव. राखाडी कार्डाचं कौतुक मला सांगू नकोस. फोटोच्या लॅबने मला एकतीस वर्षं पगार दिला तो मी कार्ड होतो म्हणून नाही. रोज दीडशे नवऱ्यामुली माझ्या हाताखालून जायच्या. एकीचाही चेहरा कधी हिरवा पडला नाही.

बाईंना सांग, पांढरा म्हणजे पांढरा. त्यात चर्चा नसते.

मामा

ता. क. मी मामी. यांचं पिवळ्याशी हल्ली वाकडं आलंय. चादरी पिवळ्या धुतल्या म्हणून मला बोल लावतात. मागच्या महिन्यात भिंतींना पुन्हा पांढरा हात मारून घेतला, तोही पिवळाच निघाला म्हणून रंगाऱ्याशी भांडले. तो बिचारा डबा उघडून दाखवत होता. तू जेवतेस ना वेळेवर?


२२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. रंगाचा आकडा एकेचाळीसशेवर होता, तो पस्तीसशेवर आणला. आकडा उतरला की चित्र निळ्याकडे सरकतं. पहिली साठ कापडं धुऊनही टाकली.

मोठ्या बाईंनी ती पडद्यावर पाहिली आणि विचारलं, "यांना नीळ जास्त झाली का?" मी म्हटलं, माझ्या मामांनी एकतीस वर्षं रंग सुधारलेत आणि त्यांच्या मते अजून पिवळंच आहे. बाई म्हणाल्या, "मामांचा पत्ता दे, त्यांनाच नोकरीवर घेऊ." चेष्टेत म्हणाल्या की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. पण मी मागे हटले नाही. आपल्या माणसाचं ज्ञान कागदोपत्री नसलं तरी ज्ञानच असतं, असं मला वाटतं, आणि ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

आता दाणे. सोबत तीन आणि चार नंबर आहेत. शाल तीच, रंग तोच, फरक फक्त दाण्यांचा. तीन नंबरात ते थोडे पुसलेत, चारमध्ये भरपूर. कुठली छपाईला चालेल?

आणि मामा, तुमचं अक्षर किती मोठं झालंय. एका पानावर सातच ओळी. नवीन पेन घेतलंत का?

तुमची भाची


२ मार्च

पदवीधर,

पेन जुनंच आहे. मोठ्या माणसाचं अक्षर मोठं.

तीन आणि चार बघितल्या. यात विचारण्यासारखं काय आहे? तीन नंबरात वाळू सांडली आहे. चार नंबर लोण्यासारखी नितळ. फरक ढळढळीत आहे, आंधळ्यालाही कळेल. चारच घे. गिऱ्हाईक कधीही दाणा घेत नाही.

रंग अजून पिवळा आहे. आणखी उतरव. बाईंना घाबरू नकोस.

मामा


९ मार्च

मामी,

हे पत्र मुद्दाम तुमच्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. मामांना दाखवू नका.

माझ्या हातून एक चूक झाली. आमचा प्रिंटर प्रत्येक प्रिंटच्या मागे बारीक अक्षरात फाईलचा आकडा छापतो. काल टेबल आवरताना मला भरपूर पुसलेली प्रिंट माझ्याच खणात सापडली. म्हणजे मामांना मी पाठवल्या त्या दोन्ही एकच. कमी पुसलेल्या फोटोच्या दोन प्रती, आणि त्यांवर मीच तीन आणि चार लिहून ठेवलं. घाईत पाकीट बंद केलं.

आणि मामा लिहितात, फरक ढळढळीत आहे.

मी काल दिवसभर स्वतःला समजावलं. चुकून झालं असेल, एका प्रिंटवर बोट लागलं असेल. मग ती साठ कापडं पुन्हा उघडून राखाडी कार्डाशेजारी ठेवली. मामी, ती निळी आहेत. बाईंना पहिल्याच दिवशी दिसलं. मला दिसलं नाही, कारण मी बघतच नव्हते. मी मामांचं पत्र बघत होते.

आता खरं सांगा. मामांना दिसतंय ना?

तुमची भाची


१५ मार्च

बाळ,

गुपित ठेवायला तुला जगात शिंपीणबाईच सापडल्या. त्यांनी पाकीट जिन्यातूनच ओरडत आणलं. मामांना सांगितलं, शिलाईचा हिशेब आहे. ते म्हणाले, हल्ली हिशेबही पाकिटातून यायला लागले का.

आणि एवढा खटाटोप कशाला केलास? तुझी सगळी पत्रं मीच तर त्यांना वाचून दाखवते. गेलं वर्षभर पेपर, औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, सगळं मीच वाचते. उत्तर मात्र स्वतःच्या हाताने लिहितात. कुणाला संशय नको.

तुझ्या प्रिंट्स आल्या की खिडकीशी उभे राहतात. पुढे धरतात, मागे धरतात, हं हं करतात. मग हळूच मला विचारतात, "तुला काय वाटतं?" मी म्हणते, मला यातलं काय कळतंय? मग बसून लिहितात. वाळू काय, लोणी काय. मला तर दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या. मला वाटलं, मी अडाणी.

तुझे आजोबा यांच्याच वयात पुरते आंधळे झाले. काचबिंदू होता. शेवटची सहा वर्षं यांनी त्यांना हाताला धरून नेलं-आणलं. तेव्हापासून डॉक्टरचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. डॉक्टरने तेच सांगितलं तर काय, ही एकच भीती. तुला आधीच सांगायला हवं होतं. पण त्यांनी शपथ घातली होती. आणि खरं सांगू? तुझं पाकीट आलं की माणूस आठवडाभर खुशीत असायचा. दाढी करून प्रिंट बघायला बसायचा. माझ्याच्याने तोडवलं नाही.

आता तूच काय ते लिही. वाचताना मी एक शब्द गाळणार नाही.

मामी


२० मार्च

मामा,

हे पत्र मामी वाचून दाखवताहेत, हे मला माहीत आहे. मामी, इथे थांबू नका, पुढे वाचा.

तीन आणि चार नंबर एकच प्रिंट होती. फसवायला पाठवली नव्हती. माझाच वेंधळेपणा. पण तो झाला ते बरं झालं, नाहीतर मी चारशेच्या चारशे कापडं निळी करून बाईंच्या हातात दिली असती आणि वर तुमचं नाव सांगितलं असतं.

तुमचा राग यायला हवा होता, पण आला तो माझाच. मी एका माणसाला त्याच्या डोळ्यांबद्दल इतकं कौतुक ऐकवत राहिले, की दिसत नाही हे म्हणायला त्याला जागाच उरली नाही.

मी इतिहास शिकले, डॉक्टरी नाही. पण तुमच्या हाताखाली एक गोष्ट शिकले. लॅबमध्ये तुम्ही सांगायचात, एका प्रिंटला छटा आली तर फिल्म तपास, आणि सगळ्याच प्रिंट्सना तीच छटा आली तर मशिनची काच बघ. शाल पिवळी, चादरी पिवळ्या, भिंती पिवळ्या, रंगाऱ्याचा डबासुद्धा पिवळा. मामा, ही काचेची गोष्ट आहे. आजोबांना सगळं पिवळं दिसायचं, असं मी कुणाकडून कधी ऐकलं नाही. मामींनाही तसं आठवत नसेल तर हे वेगळं काही असेल. असेलच असं मी म्हणत नाही. दाखवून या, एवढंच म्हणते. मामींना सोबत न्या, आणि डॉक्टरशी रंगाऱ्यासारखं भांडू नका.

माझ्या नोकरीची काळजी करू नका. साठ कापडं माझ्या हातून चुकली, असं उद्या सकाळी बाईंना सांगणार आहे. तुमचं नाव सांगणार नाही. बटणं मी फिरवली होती.

सोबतच्या बंद पाकिटात पाच आणि सहा नंबर आहेत. यावेळी खरंच वेगवेगळ्या, मागचे आकडे तीनदा तपासले. दोन्हींचा रंग कार्डाने मोजलेला. पाचमध्ये दाणे जास्त पुसलेत, सहामध्ये कमी. डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही.

तुमची भाची


१६ एप्रिल

पदवीधरीणबाईंस,

अक्षर बघ. एका पानावर बावीस ओळी, आणि ओळ सरळ.

तुझं पत्र तुझ्या मामीने वाचलं, घडी घातली आणि ती भाजी निवडायला गेली. मी नऊ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिच्याशी का, ते मला विचारू नकोस. तुझ्याशी अबोला धरायला तू समोर नव्हतीस. दहाव्या दिवशी सकाळी मीच चपला घातल्या आणि दाराशी उभा राहिलो. ती म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, "काच दाखवायला."

डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढीच असेल. तिने थेंब घातले, हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ दिवा फिरवत बसली. मग म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. मी विचारलं, काचबिंदू? ती म्हणाली, नाही. मी पुन्हा विचारलं. तिने डोळ्यांचा दाब मोजून दाखवला, नाही म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "आजोबा, लिहून देऊ का?" मी म्हटलं, द्या. तिने खरंच लिहून दिलं. तो कागद पाकिटात घेऊन हिंडतो.

बाहेर बाकावर बसलो आणि तुझ्या मामीला म्हटलं, फार उकडतंय, घाम आलाय. तिने डोळे पुसायला रुमाल दिला.

पाच तारखेला उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. पोरी, भिंत पांढरी आहे. रंगाऱ्याला बोलावून त्याच्या हातात चहा दिला. आता गंमत अशी की डावा झाकला तर भिंत पांढरी, उजवा झाकला तर तीच भिंत चहाच्या रंगाची. दिवसभर एक एक डोळा मिटून घरभर हिंडतो. मामी म्हणते, आधी बरे होतात. मी तिला विचारलं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले? ती म्हणाली, तुम्ही बघायचं सोडलंत तेव्हा. चादरींबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, लेखी द्या, डॉक्टरीणबाईंसारखी.

मग तुझ्या जुन्या प्रिंट्स मांडल्या. एक नंबर बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर. आणि तीन, चार बघून मला लाज वाटली. शाल कसली, शाईचा टिपकागद दिसतोय. वर मी म्हणतो, आणखी उतरव. त्यावर तू मला एक वाकडा शब्द लिहिला नाहीस. आम्ही लॅबमध्ये यापेक्षा कमी चुकीला पोरांना फैलावर घ्यायचो.

तुझ्या अटीप्रमाणे पाच आणि सहा त्यानंतर उघडल्या. यावेळी मामीला विचारलं नाही. माझं मत पाच. सहामध्ये दाणा राहिलाय, सावलीत तर चांगलाच दिसतो. एवढा महागाचा ग्रंथ, लोक म्हणतील फोटो खरखरीत आहेत. एकतीस वर्षांत दाण्याची तक्रार मी रोज ऐकली, जास्त नितळ झाल्याची एकदाही नाही. पाच दे. आता डोळा खरा आहे, निर्धास्त राहा.

मामा


२४ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य आलं तिथे पायरीवर बसले. वरून उतरणारे शेजारी म्हणाले, काय झालं, वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, मोतीबिंदू. आईला फोन केला, तर ती आधी पाच मिनिटं तुम्हाला बोलली, लपवलंत म्हणून, आणि मग डावा डोळा कधी, तेच विचारत बसली.

आता माझं. त्या दिवशी बाईंना सांगितलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तिथे एकच आठवलं. म्हटलं, साठही कापडं माझ्या हातून निळी झाली, तुमचं बरोबर होतं. बाईंनी चष्मा काढला. विचारलं, "मूळ फाइली आहेत?" म्हटलं, आहेत. "त्यांना हात लावलाय?" म्हटलं, रॉ फाईलला हात लागतच नाही. आपण आकडे बदलतो, तेवढे वेगळे साठवले जातात. खालची नोंद जशीच्या तशी राहते. "मग बिघडलं काय?" बाई म्हणाल्या. "तुझे चार दिवस गेले. बस, पुन्हा धू." मामा, इतके आठवडे मी ज्याला घाबरत होते, ते एका दुपारी पुसलं गेलं. साठच्या साठ खालून स्वच्छ निघाली.

मग मी खुर्ची पुढे ओढून पहिल्यांदा स्वतः बघायला बसले. आमच्याकडचं विकतचं सॉफ्टवेअर आणि एक फुकटचं, दोन्हींत तीच शाल शेजारी शेजारी ठेवली. फुकटचं रंग जास्त प्रामाणिक देतं, पण त्यात सावल्यांवर हिरवे-जांभळे ठिपके राहतात. विकतचं ते सफाईने उचलतं, म्हणून तेच ठेवलं. मग दाणे. पाच नंबरला तीसवर पुसलं होतं, सहाला बारावर. तुम्ही म्हणता तशी पाच नंबर सुंदर दिसते. मलाही आधी तीच आवडली होती.

पण शालीच्या डाव्या कोपऱ्यात, काठापासून चार बोटं आत, रफू आहे. कुणीतरी फाटलेली जागा जवळपास त्याच रंगाच्या लोकरीने विणून काढली आहे. टाके इतके बारीक की संग्रहालयाच्या जुन्या नोंदवहीतही त्यांचा उल्लेख नाही. पाच नंबरमध्ये ती जागा लोण्यासारखी नितळ आहे. सॉफ्टवेअरला ते टाके दाण्यांसारखेच वाटले आणि त्याने तेही पुसले. रंगाचे ठिपके काढायचं बटण वीसच्या पुढे नेलं, की रफूच्या लोकरीची वेगळी छटाही शालीत मिसळून जाते. सहा नंबरमध्ये खरखर आहे, पण टाके मोजता येतात. सत्तेचाळीस आहेत. बाईंना दाखवले. त्या भिंग घेऊन बराच वेळ वाकून बसल्या आणि म्हणाल्या, "ही शाल माझ्याकडे बावीस वर्षं आहे."

तुमच्याकडे येणारी माणसं स्वतःचे चेहरे न्यायला यायची. त्यांना दाणा नको होता, ते बरोबरच होतं. या शालीचं तसं कुणी येणार नाही. ती विणणारी नाही आणि रफू करणारीही नाही. त्या बाईने काय केलं ते आता फोटोतूनच दिसायचं, आणि ते मी नितळपणासाठी पुसू शकत नाही. तुम्हाला हे पटेल असं वाटतं. नाही पटलं तरी चालेल.

तुमचं मत पाच नंबर. मी सोमवारी सकाळी कागद दिला. रंग कार्डाप्रमाणे, रंगाचे ठिपके वीस, दाणे बारा. "ठरवणारी व्यक्ती" या रकान्यात माझं नाव लिहून सही केली. बाईंनी खाली त्यांची केली आणि म्हणाल्या, कायमच्या नेमणुकीचं पत्र टाईप होतंय, तोवर एकसष्टावं कापड काढ. तुमचं पत्र मंगळवारी आलं. दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि कागद परत मागवला नाही.

तुमची भाची